जवारी काढलेला आवाज: छोट्या कारागिराचं ओव्हरड्राइव्ह पेडल घेताना

‘कुठलं पेडल घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, वाजवणार कशातून? यवत, केडगाव, चौफुला, वरवंड या पट्ट्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त मोलाचा आहे. शहरातल्या मुलाकडे बहुधा गिटारचा ॲम्प असतो. आपल्याकडे गिटार असो नाहीतर बेंजो, तो वरातीत, गणपतीत, जत्रेत मिक्सरमधून जातो किंवा थेट आहुजाच्या ॲम्प्लिफायरला लागतो आणि भोंग्यांतून बाहेर पडतो. पेडल बनवणारा माणूस मात्र, तो अमेरिकेतला असो वा मुंबईतला, आपलं काम पारखतो ते गिटारच्या ॲम्पवर. एवढ्या एका फरकामुळे कितीतरी चांगली पेडलं आपल्याकडे येऊन कर्कश ठरतात आणि कपाटात पडून राहतात. गावातल्या बेंजो पार्ट्यांची आणि गिटारवाल्या पोरांची पेडलं माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात, त्यातली निम्मी तरी मुळात बिघडलेली नसतात.

आधी ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. आपल्याला गुऱ्हाळ ठाऊक आहे. काहिलीत रस उकळतो, मळी निघते, पुढे काकवी होते, आणखी जाळ लावला की वाफ्यात ओतायचा गूळ. रस तोच, फक्त कुठे थांबायचं ते गुळव्याला कळावं लागतं. तारेच्या आवाजाचंही तसंच आहे. पेडलमधली चिप तारेचा बारीकसा सिग्नल कित्येक पटींनी वाढवते, आणि पुढे बसवलेले डायोड त्या वाढलेल्या लाटेचा शेंडा एका मर्यादेच्या वर जाऊ देत नाहीत. शेंडा कापला गेला की लाटेत नवे उपस्वर तयार होतात. आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो तो हाच. शेंडा हलक्या हाताने गोल केला तर ओव्हरड्राइव्ह: तार हळू छेडली की आवाज जवळपास स्वच्छ, जोरात छेडली की भरदार आणि खरखरीत. शेंडा सरळ पात्याने उडवल्यासारखा कापला तर डिस्टॉर्शन: हळू वाजवा की जोरात, आवाज फाटलेलाच आणि लांबत जाणारा. पहिली काकवी, दुसरी ढेप.

फाटलेला आवाज मुद्दाम हवासा वाटू लागला तो एका बिघाडातून. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात बास गिटारचा तुकडा बिघडलेल्या सर्किटमधून गेला आणि तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तसा आवाज काढणारी ‘माएस्ट्रो फझ-टोन’ ही पेटी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ती वाजली आणि जगभर पोचली. पण आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक पेडलांची मुळं १९७० च्या दशकाच्या शेवटात आहेत: बॉसचं ओडी-१ (१९७७) आणि डीएस-१ (१९७८), अमेरिकेतल्या कलामाझूचं प्रोको रॅट, आणि १९७९ चं आयबानेझ ट्यूब स्क्रीमर टीएस८०८, ज्याचं सर्किट जपानच्या सुसुमु तामुरा यांनी आखलं. छोटा कारागीर आज जे विकतो ते पुष्कळदा यांपैकीच एखाद्याचं नातवंड असतं. त्यात कमीपणा नाही, पण घेण्याआधी घराणं विचारून घ्यावं.

घराणं कळलं की अर्धी निवड झाली, कारण वागणूक तिथेच ठरते. ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड चिपच्या परतीच्या वाटेवर बसवलेले आहेत, म्हणून तो शेंडा गोल करतो. रॅट आणि डीएस-१ मध्ये डायोड चिपच्या नंतर सिग्नल थेट जमिनीला टेकवतात, म्हणून धार येते. डायोड कुठला यानेही फरक पडतो. साधा सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला उघडतो, जर्मेनियमचा ०.३ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या पुढेमागे. मर्यादा जितकी वर तितका आवाज मोठा आणि कमी दाबलेला. कारागीर ‘यात एलईडी क्लिपिंग आहे’ म्हणाला की याचा अर्थ एवढाच: पेडल जोरात बोलेल आणि फाटायला उशीर लावेल.

आता छोट्या कारागिराकडे जायचंच कशाला? ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं कारखान्यातलं पेडल स्वस्तात मिळतं; बेहरिंगर आणि जोयो दोघांचीही आहेत आणि शिकायला वाईट नाहीत. याचं उत्तर मला मिरजेत सापडतं. मिरजेच्या सतारमेकरांकडचा तानपुरा घरी आणून संपत नाही. काही महिन्यांनी जवारी उतरते, तो परत नेला जातो, आणि ‘थोडी खुली ठेवा’ किंवा ‘बंद हवी, आमच्या बाईंचा आवाज बारीक आहे’ असं सांगितलं जातं. कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी म्हणजेही तारेच्या स्वरातून उपस्वर फुलवणंच. पेडल बनवणारा तेच काम डायोड आणि कपॅसिटरने करतो. कारखान्याच्या पेटीशी असं बोलता येत नाही, छोट्या कारागिराशी येतं. जास्तीचे पैसे द्यायचे ते या बोलण्यासाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी. दुर्मीळ भागांच्या गोष्टींसाठी ते देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

या गोष्टींचं सगळ्यांत मोठं उदाहरण क्लॉन सेंटॉर. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून जवळजवळ एकट्याने ही पेडलं बनवली, सुमारे आठ हजार. सर्किट कोणी उतरवून घेऊ नये म्हणून बोर्डावर राळ ओतली. आज वापरलेलं सेंटॉर काही लाख रुपयांना जातं. सर्किट खरंच विचारपूर्वक केलेलं आहे: स्वच्छ आणि फाटलेला असे दोन्ही आवाज ते एकत्र मिसळतं, म्हणून तारेची टिचकी हरवत नाही. पण राळेखालचं ते सर्किट कधीच उलगडलं गेलं आहे आणि त्याच्या चांगल्या नकला भरपूर आहेत. खुद्द फिनेगन यांनी पुढे काढलेल्या केटीआर पेडलवरच त्या अवाच्या सवा चर्चेपासून हात झटकणारं वाक्य छापलं. दुसरं उदाहरण ॲनालॉग मॅनचे माइक पिएरा यांच्या ‘किंग ऑफ टोन’चं. मार्शलच्या ब्लूजब्रेकर पेडलवरून निघालेलं हे पेडल नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबल्यावर मिळतं.

आपल्याजवळचं नाव म्हणजे मुंबईची ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन. आदित्य नंदवाना यांनी उभ्या केलेल्या या कार्यशाळेतली ‘पिट वायपर’, ‘बॅरन समेदी’, ‘केमिकल बर्न’ ही पेडलं, आणि बास गिटारवाल्यांचं ‘गॉडईटर’, देशाबाहेरही विकली जातात. यांची वाट जाड, दाट, भारी आवाजाची. मेटल वाजवणाऱ्या पोरांनी परदेशी पेडलाकडे बघण्याआधी ही ऐकावीत. याशिवाय पुण्यात, मुंबईत घरच्या घरी पाच-दहा पेडलं बनवून देणारी इलेक्ट्रॉनिक्सची पोरं असतात. पुण्यात बुधवार पेठेच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घेताना तुमची त्यांच्याशी गाठ पडू शकते. यवतहून दौंड-पुणे गाडीने सकाळी निघालं की तपकीर गल्ली करून संध्याकाळी घरी येता येतं, आणि पेडल घ्यायचं नसेल तरी एकदा ही फेरी करावी. ज्याला महाग चिप म्हणून सांगतात ती ४५५८ किती साधी वस्तू आहे ते तिथे काउंटरवर बघितलं की कळतं.

कारागिराशी बोलताना लाजू नका. पहिला प्रश्न, हे कशावरून घेतलं आहे आणि तुम्ही त्यात काय बदललं. प्रामाणिक माणूस सरळ सांगतो, ‘रॅट आहे, टोनचा भाग बदलला आणि बास वाढवला.’ जो ‘गुपित आहे’ म्हणतो त्याचं पेडल चांगलं असू शकतं, पण त्याने हात टेकले तर ते दुसरं कोणी दुरुस्त करू शकणार नाही. बोर्डाचा फोटो मागा. सोल्डरचे डाग चकचकीत आणि कळीसारखे उभे असावेत. मळकट, गोळा झालेले डाग म्हणजे कच्चं सोल्डरिंग, आणि ते भोंग्याच्या हादऱ्यात सुटतं. पॉट आणि जॅक पेटीला नटाने घट्ट आहेत का, की सगळा भार बोर्डावर आहे? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर वाजणाऱ्या पेडलाला हा प्रश्न शहरातल्या पेडलापेक्षा जास्त लागू आहे. पेटी ओतीव ॲल्युमिनियमची हवी. पायाचा स्विच झिजणारच, म्हणून तो बदलता येईल असा तारांनी जोडलेला असेल तर उत्तम. उलट्या पिनचा अडॅप्टर लागला तर पेडल वाचतं का, हेही विचारा. याचं कारण पुढे येतंय.

मग तुमची बाजू सांगा, आणि इथे बेंजोवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ १९१२ साली जपानच्या नागोयात निघालेल्या ताइशोगोतोमध्ये आहे. आपल्याकडे त्याला पिकअप बसले आणि तो मिरवणुकीचा राजा झाला. पण पेडलं गिटारसाठी बनतात. ट्यूब स्क्रीमरच्या सर्किटमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी एक जोडी आहे. तिच्यामुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला वाढ कमी कमी मिळत जाते. गिटारला हे फायद्याचं, कारण तिच्या जाड तारा फाटल्यावर चिखल करतात. बेंजोचा आवाज मुळातच वरच्या अंगाचा आणि पातळ, त्यातून आणखी खालचं काढलं की उरतो फक्त किनरेपणा. कारागिराला सांगा, तो ०.०४७ चा कपॅसिटर ०.१ चा करा, म्हणजे ती सीमा ३४० हर्ट्झच्या आसपास येते, ०.२२ चा केला तर १५५ च्या जवळ. काही रुपयांचा भाग आणि दहा मिनिटांचं काम. मी हा बदल अनेक बेंजोंसाठी केला आहे आणि ०.१ वर बहुतेकांचं समाधान झालं. ०.२२ वर ढोल-ताशात आवाज हरवतो.

दुसरी अडचण बेंजोच्या साथीच्या तारांची. दोन स्वर एकाच वेळी फाटले की त्यांच्यातून तिसरा, न वाजवलेला स्वर निघतो: दोघांच्या कंपनांच्या फरकाचा. सा आणि प यांचं नातं दोनास तीन. सा २०० असेल तर प ३००, फरक १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. म्हणूनच सा-प ची जोडी डिस्टॉर्शनमध्ये डोंगरासारखी उभी राहते, आणि रॉकमधल्या ‘पॉवर कॉर्ड’चं सगळं बळ एवढ्यातच आहे. सा आणि शुद्ध गांधार नैसर्गिक माप धरून लावले तर तेही जुळतात, पण गिटारच्या पट्ट्यांवरचा गांधार त्या मापापेक्षा किंचित चढा असतो, मग फरकाचा स्वर बेसूर निघतो आणि आवाज गढूळ होतो. तेव्हा डिस्टॉर्शन लावताना साथीच्या तारा एक तर हाताने दाबा, नाहीतर सा-प मध्ये काटेकोर लावा. जराही उतरलेली तार स्वच्छ आवाजात खपून जाते, इथे खपत नाही. गिटारवाल्यांनी पूर्ण कॉर्ड ओव्हरड्राइव्हवर वाजवावेत, डिस्टॉर्शनवर दोन-तीन तारांचेच.

आता भोंग्यांचा प्रश्न. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काढतच नाही. पेडलमधून निघणारी बारीक चरचर तो गिळून टाकतो, आणि पेडल बनवणाऱ्याने ते गृहीतच धरलेलं असतं. मिरवणुकीच्या सेटमधला हॉर्न मात्र ती चरचर इमानेइतबारे चार गल्ल्यांपर्यंत पोचवतो. लोक मग टोनचं बटण बंद करतात, तरी मिटत नाही, कारण त्या बटणाचा उतार सौम्य आहे. उपाय दोन. मिक्सरवर त्या चॅनेलचा ट्रेबल भरपूर उतरवा, आणि वरचा भाग कापणारी सोय असेल तर ती ५ हजारांवर लावा. पैसे असतील तर पेडलनंतर स्पीकरची नक्कल करणारी छोटी पेटी लावा. हल्लीच्या बऱ्याच डिजिटल प्रोसेसरमध्ये ती असते, तेवढाच भाग चालू ठेवून बाकी बंद करता येतं. माझा सल्ला असा की नव्या पेडलाचे निम्मे पैसे आधी या सोयीवर खर्च करा. महाग पेडल थेट हॉर्नवर वाजवण्यापेक्षा साधं पेडल आणि ही पेटी कितीतरी गोड लागते.

ॲम्प्लिफायरला थेट जोडत असाल तर माइकच्या तोंडात पेडल घालू नका. माइकचं तोंड काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि पेडल त्याच्या शेकडो पट देतं. मग पेडलने फाडलेला आवाज ॲम्प पुन्हा फाडतो आणि दोष पेडलाला लागतो. ‘ऑक्स’ लिहिलेलं तोंड वापरा. परदेशी वादक सांगतात की ड्राइव्ह कमी ठेवून लेव्हल पूर्ण उघडा. तो सल्ला व्हॉल्व्हच्या ॲम्पसाठी आहे, तिथे पेडल ॲम्पला ढकलतं आणि ॲम्प सुरेख फाटतो. आपल्या सेटवर उलट करावं: फाडायचं काम पेडलमध्येच, आणि लेव्हल एवढीच की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची उंची सारखी राहील. आणखी एक गोष्ट. गिटार किंवा बेंजोपासून मिक्सर वीस मीटर लांब असेल तर मधल्या केबलमध्येच वरचा आवाज मरतो. पेडल वादकाच्या पायाशी ठेवा, म्हणजे लांब केबल पेडलनंतर येते. चालू असलेलं पेडल ती सहज रेटतं. पेडल ‘ट्रू बायपास’चं, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारं, असेल तर बंद केल्यावर आवाज मंद होईल. तेव्हा कारागिराला बफर असलेलं द्यायला सांगा.

विजेबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्याकडे खरोखर मेलेली जी पेडलं येतात ती इथेच मरतात. पेडलला ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मध्यभागी ऋण असतो. घरातल्या वायफायच्या राउटरचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्यभागी धन असतो. पिन दोन्हीकडे तशीच बसते. माझं पहिलं हाताने बनवलेलं पेडल मी असंच घालवलं, कार्यक्रमाला दहा मिनिटं उरलेली असताना हाताला लागला तो अडॅप्टर लावून. त्यात उलट्या विजेपासून रक्षण करणारा डायोड होता, पण तो आडवा जोडलेला होता. त्याने वीज स्वतःवर घेतली आणि मिनिटभरात बोर्डाचा तुकडा काळा केला. म्हणून कारागिराला विचारा, रक्षणाचा डायोड सरळ वाटेवर आहे का. तसा असेल तर उलटी पिन लागल्यावर पेडल नुसतं बंद राहतं. काही पेडलांत ९ चे १८ व्होल्ट करणारी चिप असते. त्यातल्या जुन्या प्रकारची दहा व्होल्टच्या पुढे टिकत नाही, तिला १२ दिलं की संपली. अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी लावून ‘पेडल’ असं लिहून ठेवा.

बॅटरी हा आपल्याकडे अजूनही सगळ्यांत शांत मार्ग आहे. साधं ओव्हरड्राइव्ह ५ ते १० मिलिअँपिअर खातं. चांगली अल्कलाइन बॅटरी सुमारे ५०० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे पन्नासएक तास सहज. स्वस्त काळी बॅटरी याच्या कितीतरी आधी बसते. मीटरवर ७.५ व्होल्टच्या खाली गेली की बदला. आणि वाजवून झाल्यावर गिटारकडची पिन पेडलमधून काढा. ती पिनच बॅटरी जोडते, पेडल पायाने बंद केलं तरी बॅटरी चालूच राहते. पहाटे दुसऱ्या गावाला निघायचं आणि बॅटरी मेलेली, हे बहुतेक वेळा त्यामुळेच होतं.

गुणगुण येते म्हणून अर्थिंगची पिन तोडणं, हा प्रकार मी मांडवामांडवांत बघतो आणि तो थांबलाच पाहिजे. तार, पिकअप, केबलची जाळी, पेडलची पेटी आणि ॲम्पचा सांगाडा हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे. वादकाचा हात तारेवर आणि ओठ माइकला. दोन वेगळ्या ठिकाणची वीज, त्यात एकीकडचं अर्थिंग तुटलेलं, आणि खाली पावसाने भिजलेली जमीन: माणूस जायला एवढं पुरतं. ॲम्प, मिक्सर, अडॅप्टर सगळे एकाच बोर्डावरून घ्या. त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी लावून घ्या. जनरेटर असेल तर त्यावरही आरसीसीबी बरोबर चालेल अशी जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. वाजवण्याआधी मीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला आणि दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर वाजवू नका, कारण शोधा. गुणगुण घालवायची तर सिग्नलच्या वाटेवर डीआय बॉक्स लावा, त्यावर जमीन तोडायचं बटण असतं आणि ते सुरक्षित आहे.

सगळी गुणगुण जमिनीची नसते. ट्यूब स्क्रीमरचा ड्राइव्ह पूर्ण उघडला की सिग्नल सुमारे ११८ पट वाढतो, आणि त्यासोबत पिकअपने हवेतून पकडलेली ५० हर्ट्झची घरघरही तितकीच वाढते. रंगीत दिव्यांच्या डिमरपासून लांब उभे राहा, गिटार थोडी फिरवून कुठल्या दिशेला घरघर कमी होते ते बघा. ड्राइव्ह मध्यापर्यंत नेण्याची गरज बहुधा नसते. पूर्ण बंद असतानाही ते सर्किट सुमारे १२ पट वाढ देत असतं, आणि मोठ्या आवाजात कानाला फाटणं जास्तच जाणवतं. घरात गोड लागणारं सेटिंग मांडवात पाव उतरवा.

गुलालाबद्दल कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तो पॉटच्या दांडीतून आत जातो, पावसाने ओला होतो आणि पुढच्या महिन्यात बटण फिरवलं की खरखर सुरू. मिरवणुकीत पेडल पातळ पारदर्शक पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करा, पायाचा स्विच पिशवीवरूनही दबतो. घरी आल्यावर कोरड्या ब्रशने झाडा, मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा पॉटमध्ये मारून बटण वीस-तीस वेळा फिरवा. घरातलं तेल किंवा रॉकेल आत सोडू नका. ते थोडा वेळ बरं वाटतं आणि नंतर धूळ धरून ठेवतं.

एकाहून जास्त पेडलं असतील तर आधी ओव्हरड्राइव्ह, मग डिस्टॉर्शन, शेवटी प्रतिध्वनीचं पेडल. एवढं पुरे.

पेडल हातात आलं की पहिल्या दिवशी मांडवात नेऊ नका. घरी ड्राइव्ह शून्य, टोन मध्यावर, लेव्हल बंद-चालू सारखी. मग ड्राइव्ह थोडा थोडा उघडत जा, आणि प्रत्येक ठिकाणी एकच ओळ आधी हळू, मग जोरात वाजवा. हळू आणि जोरात यांतला फरक जिथे संपतो तिथून दोन पावलं मागे या. तिथे पेटीवर पांढऱ्या पेनाने खूण करा. पुढच्या कार्यक्रमात खऱ्या सेटवर वाजवा आणि कोणाला तरी फोन देऊन भोंग्यापासून तीस पावलांवरून मिनिटभराचं रेकॉर्डिंग करायला सांगा. वादकाच्या जागेवरून खरा आवाज कधीच कळत नाही. तेच रेकॉर्डिंग, वाद्याचा आणि सेटचा फोटो, आणि बटणांच्या खुणा कारागिराला पाठवा. ‘पातळ वाटतो’, ‘ताशात हरवतो’, ‘वर चरचरतो’ अशा साध्या शब्दांत सांगा. कुठला कपॅसिटर बदलायचा ते त्याचं त्याला कळेल.

या बोलण्याला, पाठवण्याला आणि परत येण्याला वेळ लागतो. एकटा माणूस हाताने बनवत असेल तर पाच-सहा आठवडे धरून चाला, आणि बदल करायचा तर आणखी दोन. आपल्याकडे याची आठवण ठेवायला सोपी खूण आहे. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते तेव्हा, अधिक महिना आडवा आला नाही तर, गणपतीला साधारण दोन महिने उरलेले असतात. वारकऱ्यांसाठी केलेल्या पिठल्याची पातेली घासून झाली की त्याच दिवशी कारागिराला फोन करा.